आधी मोजमाप, मग ताकद

फियाटचे १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन पुण्याजवळ रांजणगावला बनत असे आणि मारुतीही परवान्याखाली ते मानेसरला बनवत असे. स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत कितीतरी गाड्या त्यावर धावल्या. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ ही प्रदूषण मानके लागू झाली आणि नव्या गाड्यांतून हे इंजिन गेले, पण जुन्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत. त्यांतल्या अनेकींचे इंजिन उघडायची वेळ आता येते आहे. तेव्हा मालकाला साहजिकच वाटते की एवढा खर्च होतोच आहे, तर ताकदही वाढवून घ्यावी. यात गैर काहीच नाही. चुकतो तो क्रम. रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला प्रोग्रॅम बदलणे, आणि मोठा टर्बो आधी ठरतात, आणि इंजिनाची आतली अवस्था शेवटी पाहिली जाते. खरे तर इंजिनाची मापे आधी घ्यावीत, किती ताकद मागायची ते त्यांवरून ठरवावे आणि रिमॅप सर्वांत शेवटी करावा.

डिझेल इंजिनाची ताकद मुख्यतः सिलिंडरमध्ये किती इंधन जाते यावर ठरते. इंधन वाढले आणि त्या प्रमाणात हवा वाढली नाही, तर काळा धूर निघतो, एक्झॉस्टचे तापमान चढते आणि ॲल्युमिनियमच्या पिस्टनवर ताण येतो. खुद्द कंपन्यांनी काय केले तेही पाहण्यासारखे आहे. त्याच १२४८ सीसी इंजिनातून स्विफ्टमध्ये ७५ पीएस निघत, तर एसएक्स-४ मध्ये ९० पीएस. त्यासाठी नुसता प्रोग्रॅम बदलून भागले नाही, व्हेरिएबल जॉमेट्रीचा टर्बो बसवावा लागला. एवढे करूनही टॉर्क १९० वरून जेमतेम २०० न्यूटन-मीटरवर गेला. क्लच, गिअरबॉक्स आणि कनेक्टिंग रॉड यांना हा टॉर्कच सोसावा लागतो.

म्हणून मोजायचे काय, ते नेमके हवे. या इंजिनाचा बोअर ६९.६ मिलिमीटरचा. डायल गेजने तो वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी मोजला, की सिलिंडर अंडाकृती झाला आहे की खाली निमुळता, ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत कळते. होनिंगवर भागेल की ओव्हरसाइज पिस्टन घालावे लागतील, हे त्यावरून ठरते. क्रँकची जर्नल, हेडचा सपाटपणा, टायमिंग चेनचा ताण, ऑइल पंपाचा दाब आणि प्रत्येक इंजेक्टरची गळती यांचीही अशीच नोंद हवी. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑइलचा दाब कमी असलेल्या इंजिनावर नवा टर्बो बसवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

यावर कोणी म्हणेल की इंजिन धडधाकट असेल, तर ते न उघडता केलेला रिमॅप स्वस्तही पडतो आणि चालतोही. ते खरे आहे, पण इंजिन धडधाकट आहे हे कॉम्प्रेशन आणि इंजेक्टर तपासल्याशिवाय कळणार कसे? दुसरा आक्षेप असा की एवढ्या पैशांत दुसरी गाडी येईल. ज्याला फक्त कामावर जायचे आहे, त्याने तोच विचार करावा. पण ज्याला हीच गाडी ठेवायची आहे, त्याचे पैसे चकचकीत पार्टपेक्षा लेथच्या चोख कामावर, नव्या बेअरिंगवर, क्लचवर आणि ब्रेकवर खर्च व्हावेत. ताकदीच्या नावाखाली ईजीआर, म्हणजे एक्झॉस्टचा काही भाग परत सिलिंडरमध्ये नेणारी यंत्रणा, बंद करणे किंवा धूर सोडत फिरणे मात्र मुळीच मान्य करू नये, कारण त्यातून होणारे प्रदूषण इतरांच्या फुप्फुसांत जाते. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करू देत नाही.

मालकाने गॅरेजकडे किती पीएस वाढतील हे विचारण्याआधी मापांचा लेखी कागद मागावा, काम सुरू होण्यापूर्वीचा एक आणि काम झाल्यावरचा एक. जे गॅरेज असा कागद देईल त्याला चार पैसे जास्त द्यावेत, आणि जे देणार नाही त्याच्याकडे इंजिन उघडायला देऊ नये. गिऱ्हाईक मागू लागले, तर ही शिस्त आपल्या गॅरेजांत रुजायला वेळ लागणार नाही.