हायड्रोजन हवा, पण हिशेबाने



डिस्टिलरी झाली, सहवीज झाली. आता पाण्यापासून हायड्रोजन काढायचा, अशी चर्चा गटागटांत ऐकू येते. केंद्र सरकारने जानेवारी 2023 मध्ये 19,744 कोटींचे हरित हायड्रोजन मिशन मंजूर केले, तेव्हापासून हे वारे सुटले आहे. विषय आपल्या जिव्हाळ्याचाच. उसाला आपण टाकतो तो युरिया अमोनियापासून होतो आणि अमोनियाला हायड्रोजन लागतो. आज तो बहुतेक नैसर्गिक वायूतून काढतात.

पाण्यात वीज सोडली की हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळे होतात. हे काम सुलभ व्हावे म्हणून वीज सोडणाऱ्या पट्ट्यांवर उत्प्रेरक असतो. काही यंत्रांत तो प्लॅटिनम-इरिडियमसारख्या महागड्या धातूंचा लागतो. त्याऐवजी निकेल, लोखंड, मॉलिब्डेनम यांचे अतिसूक्ष्म कण व पापुद्रे वापरण्याचे संशोधन चालू आहे. मिलिमीटरचे दहा लाख भाग करावेत, त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. माप त्या घरातले. खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर लवकर विरघळते, कारण पाण्याला भिडणारा पृष्ठभाग वाढतो. इथेही तोच न्याय.

पण उत्प्रेरक स्वस्त झाला म्हणजे हायड्रोजन स्वस्त झाला, असे कोणी म्हणाले तर लगेच मान डोलवू नका. एक किलो हायड्रोजनला निसर्गनियमानेच सुमारे 39 युनिट वीज लागते. यंत्रात प्रत्यक्ष 50 ते 55 जाते. उत्तम उत्प्रेरक वरच्या फरकातले काही वाचवील, 39 च्या खाली नेणार नाही. युरियाच्या 45 किलोच्या गोणीला सुमारे साडेचार किलो हायड्रोजन, म्हणजे 225 युनिट. सहा रुपये दर धरला तरी 1,350 रुपये नुसत्या विजेचे! आपल्याला गोणी 242 रुपयांना मिळते, कर व निमलेप वेगळा. बाकीचा भार सरकारी अनुदान उचलते.

संशोधनाला माझा विरोध नाही. बगॅसची वीज आपल्या घरची आहे, ही जमेची बाजू. पण ती विकून जे पैसे येतात ते बुडतील, हेही खर्चात धरा. ऊसबिलातून ठेव कापण्याआधी सर्वसाधारण सभेत तीन प्रश्नांची उत्तरे मिळावीत. उत्प्रेरक सलग किती हजार तास टिकला, आणि तो प्रयोगशाळेत की चालू कारखान्यात? किलोला एकूण किती युनिट लागले? हंगाम संपल्यावर यंत्र कोणत्या विजेवर चालणार, आणि माल कोण, कोणत्या दराने घेणार?

उत्तरे पटली तर पहिला हात मी वर करीन. पाण्यातून वायू निघो, पण सभासदाच्या घामाचा पैसा हवेत जाऊ नये, एवढेच सांगणे.

— एक ऊस उत्पादक सभासद