फुलोऱ्यातील फवारणी आणि मधमाश्या : कृषी आयुक्तालयाला खुले पत्र

प्रति,
मा. कृषी आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय : पिकांच्या फवारणी सल्ल्यात परागीभवनाचा विचार व्हावा, याबाबत

महोदय,

कांद्याचे बी तयार होण्यासाठी कीटक लागतात आणि त्यांत मधमाशी सर्वांत महत्त्वाची. डोंगळ्याच्या एका गोंड्यात शेकडो फुले असतात. प्रत्येक फुलातले परागकोश आधी फुटतात. कुक्षी पराग घेण्याजोगी होते ती नंतर, आणि तोवर त्या फुलाचे स्वतःचे पराग बहुतेक सरलेले असतात. म्हणून दुसऱ्या फुलाचे पराग कोणीतरी आणून द्यावे लागतात. त्यात कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असते. जवळपास दुसरा चांगला फुलोरा असला की माश्या तिकडे वळतात. माश्या कमी आल्या तर गोंडा भरगच्च दिसतो, पण बी धरत नाही.

काकडी, कलिंगड, भोपळा यांची नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात. पराग अपुरे पडले की फळ गळते किंवा वेडेवाकडे वाढते. जगातल्या ११५ प्रमुख अन्नपिकांपैकी ८७ पिके कमीअधिक प्रमाणात प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून असल्याचे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात दिसले. महाराष्ट्रात हे काम आग्या, सातेरी, फुलोरी आणि पोया या माश्या करतात. पेटीत पाळलेली मेलिफेरा आणि एकेकट्या राहणाऱ्या अनेक जातीही करतात. यांतल्या बहुतेकींना कोणी पाळलेले नाही. त्या कमी झाल्या तरी त्याची नोंद कुठेच होत नाही.

गेल्या काही वर्षांतल्या संशोधनाचे सार असे, की मधमाशीचे बरेचसे नुकसान पेटीखाली मेलेल्या माश्यांचा सडा पडण्याआधीच होऊन गेलेले असते.

पहिले कारण कीटकनाशके. फ्रान्समध्ये २०१२ साली माश्यांच्या पाठीवर बारीक इलेक्ट्रॉनिक खुणा चिकटवून, त्यांना थायमेथोक्झामची जीव न घेणारी मात्रा देऊन रानात सोडण्यात आले. त्यांतल्या अनेक माश्या पोळ्याकडे परतल्याच नाहीत. २०१५ च्या एका प्रयोगात असे आढळले, की मधमाश्यांना निओनिकोटिनॉइड गटातल्या औषधांची चव कळत नाही. उलट इमिडाक्लोप्रिड किंवा थायमेथोक्झाम मिसळलेले साखरपाणी त्या अधिक पितात. विषारी फूल माशी आपणहून टाळेल, हा समज त्यामुळे टिकत नाही. युरोपीय संघाने २०१८ साली इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायमेथोक्झाम यांच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी घातली.

दुसरे कारण हवेतली धूळ आणि धूर. बंगळूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये आग्या माशीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रदूषित भागांत फुलांवर माश्या कमी येत होत्या, त्यांच्या अंगावर सूक्ष्म कण चिकटलेले होते आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडलेली होती. अशा भागांतून पकडलेल्या माश्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक माश्या चोवीस तासांत मेल्या.

तिसरे कारण उष्णता. पोळ्यातल्या पिलाव्याला साधारण ३४ ते ३६ अंश तापमान लागते. ते राखण्यासाठी कामकरी माश्या पाणी आणून शिंपडतात आणि पंखांनी वारा घालतात. त्या श्रमाच्या वेळात फुलांवरचे काम मागे पडते. मेलिफेरा राणीच्या पोटात साठवलेले शुक्राणू ३८ अंशांपुढे निकामी होऊ लागतात, असे कॅनडातल्या अभ्यासात २०२० साली दिसले. विदर्भ-मराठवाड्याचा उन्हाळा ४२ अंशांपलीकडे सहज जातो, आणि पेट्या पुष्कळदा उघड्या बांधावर असतात.

ही तिन्ही संकटे एकाच माशीवर एकाच हंगामात येतात. धूळ आणि उष्णता एका खात्याच्या हाती नाहीत; फवारणीचा सल्ला मात्र कृषी विभागाच्या हाती आहे. कांद्याच्या त्याच गोंड्यावर फुलकिड्यांसाठी औषध मारले जाते आणि त्याच गोंड्यावर माशी यावी अशी अपेक्षाही असते. म्हणून प्रत्येक शिफारशीत पिकाची फुलोऱ्याची अवस्था स्वतंत्र लिहिली जावी. आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्याशिवाय फुलोऱ्यात फवारणी सुचवू नये. सुचवायचीच झाली तर ती सूर्यास्तानंतरची असावी आणि औषध फुलावर कमी काळ टिकणारे असावे. केवळ वेळ बदलून भागत नाही: आग्या माशी चांदण्या रात्रीही चरायला बाहेर पडते, आणि काही औषधांचा अंश फुलावर अनेक दिवस राहतो.

बीजप्रक्रियेतली औषधे झाडात भिनून पराग आणि मकरंदात उतरू शकतात. त्यामुळे सरसकट प्रक्रिया करण्याऐवजी गरजेपुरती प्रक्रिया, असे धोरण हवे. बांधावरची करंज, जांभूळ, शेवगा, कडुनिंब ही झाडे आणि रानफुले राखणे अनुदानाच्या निकषांत यावे, कारण मुख्य पिकाचा फुलोरा संपल्यावर माश्या त्यांच्यावरच जगतात. पेट्यांना सावली आणि जवळ स्वच्छ पाणी, ही सूचना उन्हाळी सल्ल्यात असावी.

शेवटची गरज मोजणीची आहे. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, राज्यात कृषी विद्यापीठे आहेत, आणि २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातल्या मांघरला मधाचे गाव म्हणून मान मिळाला आहे. मधाचे उत्पादन किलोत मोजले जाते. परागीभवन कोणी मोजत नाही. निवडक शेतांत दर हंगामात एका ठरावीक वेळी फुलांवर येणाऱ्या माश्या जातीनिहाय मोजल्या, तर घट कुठे, कधी आणि कोणत्या पिकावर होते ते काही वर्षांत स्पष्ट होईल. बियाणे, खत आणि पाणी यांच्याइतकीच मधमाशी ही पिकाची गरज आहे, आणि विभागाच्या शिफारशींत तिला तेच स्थान मिळायला हवे.

कळावे.

एक नागरिक