राष्ट्रपतिपदाचा उमेदवार आणि आपले चार आमदार

२००७च्या जूनमध्ये राष्ट्रपतिपदासाठी काँग्रेसकडून लातूरच्या शिवराज पाटील चाकूरकरांचं नाव आघाडीवर होतं. लातूर १९८२पर्यंत आपल्याच उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात असल्याने इकडे त्याचं अप्रूप वाटणं साहजिक होतं. डाव्या पक्षांनी नकार दिला आणि १४ जूनला प्रतिभाताई पाटील यांचं नाव जाहीर झालं. ज्यांनी मत द्यायचं, त्या आमदार-खासदारांना मात्र कोणी विचारलं नाही. कोणताही पक्ष घ्या, रीत हीच: दोन-चार नेते बसतात, मित्रपक्षांना फोन जातात, नाव बाहेर येतं. राज्यघटनेने तर राष्ट्रपती निवडण्याचा अधिकार निवडून आलेल्या खासदार-आमदारांना दिला आहे. २०२२मध्ये महाराष्ट्रातल्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५ होतं, खासदाराचं ७००. म्हणजे उमरगा, तुळजापूर, उस्मानाबाद आणि परंडा या मतदारसंघांच्या चार आमदारांची मिळून एका खासदाराएवढी किंमत. मतदान गुप्त असतं, पक्षाला व्हिप काढता येत नाही. मग उमेदवार ठरवतानाच पक्षाने आपल्या या मतदारांचं गुप्त मतदान का घेऊ नये?

यावर आक्षेप म्हणून १९६९चा दाखला दिला जातो. बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळात मतदान झालं, इंदिरा गांधींच्या मनाविरुद्ध संजीव रेड्डी ठरले, पुढे इंदिरा गांधींचा पाठिंबा असलेले अपक्ष व्ही. व्ही. गिरी जिंकले आणि त्याच वर्षी पक्ष फुटला. पण तिथे मत मूठभरांनीच दिलं होतं. आमदारांना आधी विचारलं असतं तर त्यांचा कल ऑगस्टमधल्या निवडणुकीआधीच कळला असता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: राष्ट्रपती पक्षातीत हवा, त्याच्या नावावर पक्षात चुरस नको. मान्य. पण बंद खोलीत ठरलेलं नाव पक्षातीत असतं, असं कुठे दिसतं? उलट २०२२मध्ये शिवसेनेच्या खासदारांनी भाजप आघाडीच्या उमेदवार द्रौपदी मुर्मू यांच्यासाठी आग्रह धरला आणि उद्धव ठाकरेंनी विरोधी आघाडीत असूनही पाठिंबा दिला. दबाव नव्हता, असं ते म्हणाले. तरी खालचा आवाज वर पोहोचला, एवढं खरं. पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठी अमेरिकेसारखी लाखोंच्या मतदानाची प्रायमरी इथे नको. ती खर्चीक आहे आणि आपल्या पदाला शोभणारीही नाही.

पुढची निवडणूक २०२७च्या जुलैमध्ये अपेक्षित आहे. तोवर आपल्या आमदाराला गाठा आणि विचारा, उमेदवार ठरवताना पक्ष तुमचं मत घेणार आहे का?