विश्लेषण : टेबलातच संगणक बसवताना आधी विजेचा हिशेब का हवा?

सुताराकडून टेबल करून घ्यायचे, त्याच्या पोटात संगणक बसवायचा आणि वीज गेली तरी काम थांबू नये म्हणून खालच्या खणात बॅटरी ठेवायची, ही कल्पना लहान घरांत सोयीची वाटते. मात्र अशा टेबलाची आखणी लाकडापासून नव्हे, विजेपासून सुरू व्हायला हवी.

वीज नेमकी किती लागते?

एसएमपीएसवर ६५० वॅट लिहिलेले असते, ती त्याची क्षमता. प्रत्यक्ष वापर नव्हे. कार्यालयीन कामाचा संगणक आणि मॉनिटर मिळून बहुतेकदा १०० वॅटच्या आसपास राहतात. गेमिंगसाठीचे ग्राफिक्स कार्ड पूर्ण ताकदीने चालले, तर हाच आकडा ४०० वॅटच्या पुढे जाऊ शकतो. प्लगला लावायच्या वॉटमीटरवर आपला आकडा समजतो.

यूपीएस पुरेसा आहे का?

व्हीए म्हणजे वॅट नव्हे. ६०० व्हीएचा साधा यूपीएस अनेकदा ३६० वॅटचाच भार पेलतो. त्यातील १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवर बॅटरीत ८४ वॅट-तास ऊर्जा मावते. १०० वॅटच्या भारावर ती साधारण २० मिनिटे पुरते, तीही नवी असताना. एवढ्या वेळात फाइल सेव्ह करून संगणक नीट बंद करता येतो. ऑनलाइन परीक्षा पूर्ण होत नाही.

तासन् तास काम चालायला हवे असेल, तर इन्व्हर्टर लागतो. १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर तोच भार आठ-दहा तास चालू शकतो. मात्र वीज गेल्यावर एसएमपीएस जेमतेम १५-२० मिलिसेकंद तग धरतो. म्हणून इन्व्हर्टर ‘यूपीएस मोड’वर हवा, नाहीतर संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो. वायफाय राउटरही त्याच जोडणीवर घ्यावा. अनेकांना त्याची आठवण वीज गेल्यावरच होते.

बॅटरी खणात का नको?

संगणक ३०० वॅट वीज घेतो, तेव्हा जवळपास तेवढीच उष्णता बाहेर टाकतो. बंद खणात ती कोंडते. लेड-ॲसिड बॅटरीला २५ अंश सेल्सिअस तापमान मानवते; त्यापुढे प्रत्येक १० अंशांमागे तिचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. पाणी भरावी लागणारी बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हा ज्वलनशील वायू प्लायवूडच्या बंद कप्प्यात साचू देणे म्हणजे आगीला आमंत्रणच. त्यामुळे बॅटरी टेबलाबाहेर, हवेशीर जागीच असावी.

मग टेबल करावे की नाही?

जरूर करावे, पण पैसा कुठे आधी जातो, हे महत्त्वाचे. काच आणि रंगीत दिव्यांच्या आधी अर्थिंग तपासून घ्यावे. संगणकाची पत्र्याची चौकट तीन पिनांच्या प्लगमधून अर्थ झालेली हवी. टेबलाच्या एका बाजूने हवा आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर जायला हवी, आत येणाऱ्या वाटेवर धूळजाळी हवी. दुरुस्तीसाठी अख्खे टेबल मोकळे करावे लागू नये.

केवळ लिखाण, हिशेब आणि अभ्यास एवढेच काम असेल, तर स्वतःची बॅटरी असलेला लॅपटॉप हाच स्वस्त आणि शहाणा पर्याय. टेबलाला मग वायरी जाण्यापुरते एक भोक पुरे.