रोज बदलणारी टेप आणि कारागिराचें पोर



उल्हासनगर कॅम्प नंबर 3 मध्यें आम्ही नवराबायको शिलाईचीं मशिनें चालवितों आणि थोरल्या मुलीला घरींच शिकवितों. लोक विचारतात, शाळा फुकट असतां हा उद्योग कशाला? त्याचें उत्तर आज चारचौघांत देतों.

मुलगी चौथींत होती. प्रगतिपत्रकावर गणितापुढें 'ब-1' लिहून आलें. कोष्टक पाहिलें तों ब-1 म्हणजे 71 ते 80 टक्के! आम्हीं पेढे वाटले. दुसऱ्या दिवशीं दुकानांत तिला म्हटलें, "बाई, गिऱ्हाइकानें 500 ची नोट दिली, शिलाई 340, परत किती द्यायचे?" पोरगी मान खालीं घालून उभी. हातच्याची वजाबाकी तिला येतच नव्हती. मग ब-1 मिळाला कोणाला? पोरीला कीं रजिस्टराला?

शिक्षणहक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. आठवीपर्यंत कोणासही मागें ठेवूं नये, असें त्यांत होतें. त्याच वर्षीं महाराष्ट्रांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलें. अ-1 पासून ई-2 पर्यंत नऊ पायऱ्या! हेतु वाईट नव्हता, हें आम्ही कबूल करतों. नापासाचा शिक्का बसलेलें गरिबाचें पोर पुढच्या वर्षीं शाळेंत दिसत नसे, चहाच्या टपरीवर दिसे. त्या जुन्या परीक्षेसाठीं आम्ही रडणार नाहीं. पण प्रत्येक पोराजवळ बसून पाहावयाचें हें काम. वर्ग भरलेला, मास्तर निवडणुकीच्या कामावर. तें व्हावें कसें? कागद तेवढे भरले गेले.

पुढें 2019 सालीं केंद्रानें कायदा बदलला आणि 2023 सालीं महाराष्ट्रानें पांचवी-आठवीला वार्षिक परीक्षा व मागें ठेवणें परत आणलें. इतकीं वर्षें जें शिकविलें नाहीं, त्याचा दंड कोणाला? अधिकाऱ्याला नाहीं, दहा वर्षांच्या पोराला!

दहावीचा तमाशा तर याहून मोठा. 2018 सालीं निकाल 89.41 टक्के. 2019 सालीं भाषा व सामाजिक शास्त्रांचे शाळेनें द्यावयाचे 20 गुण काढले, निकाल 77.10. 2020 सालीं ते परत दिले, निकाल 95.30. 2021 सालीं कोरोनामुळें परीक्षाच झाली नाहीं, निकाल 99.95! चार वर्षांत महाराष्ट्राचीं पोरें एकदां मठ्ठ आणि एकदां विद्वान झालीं काय? आम्ही शिंपी आहोंत. रोज टेप बदलणाऱ्याकडे कोणी सदरा शिवावयास टाकीत नाहीं.

पैसेवाल्याला टेप कोणतीही चालते. त्याच्या घरीं शिकवणीचा मास्तर येतो. जोतीराव फुल्यांनीं 1882 सालीं हंटर कमिशनपुढें गाऱ्हाणें घातलें कीं, कर भरते रयत आणि शिकतात वरच्या वर्गाचीं मुलें. आज शाळा आमच्या दारांत आली, शिकणें अजून वाटेंतच आहे.

घरीं आम्ही श्रेणी देत नाहीं. शिवण चुकली तर कापडाला ई-2 म्हणतों काय? उसवितों, पुन्हा शिवतों. तीन आठवडे सुट्या नाण्यांवर वजाबाकी केली, तेव्हां ती पोरीला आली. दहावीला ती 17 नंबरचा फॉर्म भरून बसेल. पण सर्वांनीं आमच्यासारखें करावें, असें आम्ही म्हणत नाहीं. दुकान घरांतच, म्हणून आम्हांस जमतें. दिवसभर मोलानें शेतांत राबणाऱ्या माउलीनें काय करावें? तिला शाळाच हवी, आणि ती खरी शाळा हवी.

म्हणून कायद्यांतली एक ओळ ध्यानांत धरा. नापास पोराला जादा शिकविलें पाहिजे आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आंत फेरपरीक्षा घेतली पाहिजे. ते दोन महिने म्हणजे उन्हाळ्याची सुटी, लग्नसराई, गांवीं जाण्याचे दिवस! तेव्हां कोणीं, कोणत्या तारखांस, किती तास शिकविलें, हें शाळेकडून लेखी मागा. पोर पास झालें असेल तरी पत्रक हातांत घेण्यापूर्वीं त्याला मास्तरांसमोर पुस्तकाचें एक पान वाचावयास सांगा, आणि 500 तून 340 वजा करावयास लावा.