ब्यूटी बॉक्समधला रंग आणि आपल्या बायोडेटातला ‘वर्ण’

आपल्या नोकरी करणाऱ्या, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलींच्या खोलीवर आता दर महिन्याला एक डबा येतो. त्यात क्रीम, सीरम, फेसवॉश, लिपस्टिक यांचे चार-पाच छोटे नमुने असतात. महिन्याची वर्गणी भरायची, नमुने वापरून पाहायचे, आवडले तर मोठी बाटली मागवायची. 2010 साली अमेरिकेत सुरू झालेल्या बर्चबॉक्सने हा धंदा रूढ केला, पुढे तो भारतातही आला. चळवळीतले काही कार्यकर्ते त्यावर नाक मुरडतात. बाबासाहेबांच्या लेकी लिपस्टिकमध्ये अडकल्या, असे म्हणतात. आमच्या मते ही टीका चुकीच्या जागी होते आहे. मुलींच्या नटण्यात काहीच वावगे नाही. वावगे आहे ते त्या डब्यातून विकली जाणारी रंगाची लाज, आणि त्या लाजेचे गिऱ्हाईक आपल्याच घरात तयार होते हे.

आधी नटण्याबद्दल. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे वापरावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे आणि लोखंडाचे दागिने घालावेत असे सांगितले आहे. म्हणजे माणसाने काय घालावे, कसे दिसावे हेही जात ठरवत होती. डिसेंबर 1927 मध्ये महाडला त्या ग्रंथाचे दहन झाले. त्याच परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. लुगडे नेसण्याची जुनी पद्धत आणि अंगावरचे भाराभर दागिने ही अस्पृश्यतेची ओळख झाली आहे, ती टाका, स्वच्छ आणि नीटनेटक्या राहा, असे त्यांनी सांगितले. हा पोशाखाचा सल्ला होता, तसाच तो स्वाभिमानाचा कार्यक्रमही होता. ज्यांच्या आजीला धडके लुगडे नेसण्याची मुभा नव्हती, तिच्या नातीने लिपस्टिक लावली म्हणून तिला चळवळ शिकवायची गरज नाही.

आता डब्याबद्दल. आमच्या अभ्यासगटातल्या पाच जणींनी वर्गणी काढून सलग तीन महिने असा डबा मागवला. नोंदणी करतानाच एक अर्ज भरायचा होता. तुमच्या त्वचेचा रंग कोणता आणि तुमची ‘समस्या’ कोणती? समस्यांच्या यादीत मुरुमे होती, कोरडेपणा होता, तसेच टॅन, निस्तेजपणा आणि ‘असमान रंग’ही होते. उन्हातान्हात राबणाऱ्यांच्या लेकींचा रंग थेट आजारांच्या रांगेत बसवला होता. डब्यांमध्ये ‘गोरेपणा’ हा शब्द कुठेच नव्हता. त्याच्या जागी ब्राइटनिंग, ग्लो, डी-टॅन आले होते. 1975 साली बाजारात आलेली ‘फेअर अँड लव्हली’ 2020 मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झाली, तसेच हे. नाव बदलले, आश्वासन तेच राहिले. फाउंडेशनचा जो नमुना आला, तो पाचपैकी एकीच्याच चेहऱ्याला जुळला. ती आमच्यातली सर्वांत उजळ.

नमुन्यातून कळते तरी काय? पाच मिलीची ट्यूब चार-सहा वेळा पुरते. तेवढ्यात वास कळतो, चिकटपणा कळतो, पुरळ उठते का ते कळते. पण ‘चार आठवड्यांत फरक’ हा दावा तपासायला चार आठवड्यांचे क्रीम लागते. म्हणजे दावा न तपासताच मोठी बाटली घ्यायची. ती कशाच्या जोरावर विकली जाते? लाजेच्या.

ही लाज कंपनीने एकटीने तयार केलेली नाही. आपल्या बौद्ध वधू-वर मेळाव्यांतले बायोडेटा उघडून पाहा. शिक्षण, नोकरी, उंची आणि मग रकाना येतो: ‘वर्ण’. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. चातुर्वर्ण्य नाकारून धम्म घेतलेल्या समाजाच्या कागदावर हा शब्द कसा टिकला? बावीस प्रतिज्ञा म्हणणारा मुलगा ‘मुलगी उजळ हवी’ असे सांगतो, तेव्हा क्रीमची अर्धी जाहिरात त्यानेच फुकटात केलेली असते.

ज्या मुलीला डबा परवडत नाही, तिच्यापर्यंतही ही लाज पोहोचते. ती बाजारातले कुठलेही गोरे करणारे क्रीम घेते. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांना 2021 ते 2023 या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे 15 रुग्ण आढळले. त्यांतले 13 जण गोरे करणारी क्रीम वापरत होते. अशा कित्येक क्रीममध्ये पारा असतो, तो त्वचेतून शरीरात जातो. स्टेरॉइड असलेली मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून सरकारला 2018 मध्ये नियम कडक करावा लागला, तरी ती गोरेपणासाठी सर्रास चोपडली जातात.

शिवाय या चकाकीची किंमत आपलीच माणसे मोजतात. आयशॅडोतली चमक बहुधा अभ्रकाची असते. झारखंडच्या कोडरमा-गिरिडीह पट्ट्यात गरीब कुटुंबांची मुले ते वेचताना वारंवार आढळली आहेत. आणि रिकामी पुडी कोण उचलते? पुण्यात 1993 पासून काम करणाऱ्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत बहुसंख्य सदस्य दलित स्त्रिया आहेत. बहुपदरी प्लॅस्टिकच्या पुडीला भंगारात भाव नाही. हाताला घाण लागते, पदरात काही पडत नाही.

मग करायचे काय? बुद्धांनी कालामांना सांगितले की परंपरा आहे म्हणून किंवा कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासा. तोच नियम इथे लावू या.

एक, नमुना आधी हाताच्या आतल्या बाजूला लावा आणि दोन दिवस थांबा. उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, मुदत नसेल तर फेकून द्या.

दोन, प्रत्येक वस्तूला विचारा: ही मला सजवते आहे की मला दुरुस्त करते आहे? सजवणारी खुशाल ठेवा. दुरुस्त करायला आलेली परत पाठवा.

तीन, मुलींच्या लिपस्टिकवर शेरे मारणे बंद करा.

चार, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचे, पुढच्या मेळाव्याच्या अर्जातून ‘वर्ण’ हा रकाना काढून टाका. आयोजकांना लेखी मागणी द्या. नाही ऐकले तर आपल्या बायोडेटात तो रकाना आडवी रेघ मारून पाठवा. या रेघेला वर्गणी लागत नाही.

जय भीम!