वेम्बलीच्या मातीत लॅव्हेंडर



हावदालाला सुवास घ्यायचा तर आपल्या जुन्या माणसांना सब्जा लागे. कोकणात तो परसात एकदा लावला की बी पडून पुन्हा उगवायचा. इथे ईलिंग रोडवर सब्जाचं बी मिळतं, पण फालुद्यासाठी! त्याचं रोप उन्हाळाभर खिडकीत टिकतं आणि पहिल्या हिमात काळं पडतं. डिसेंबरात शब्बाथ पाचच्या आतबाहेर संपतो तेव्हा बागेत खुडायला काही नसतं. मग लवंग-दालचिनीची डबी काढायची. तिला नावं ठेवत नाही, पण घरच्या फुलाचा वास निराळा. म्हणून या वेळी आम्ही लॅव्हेंडरविषयी लिहीत आहोत.

लॅव्हेंडरचे झाड भूमध्य समुद्राकाठचे, खडकाळ डोंगरउतारावरचे. एकदा रुजले की पाणी मागत नाही. १९ जुलै २०२२ रोजी हीथ्रोला पारा ४०.२ अंशांवर गेला, त्या उन्हाळ्यात लंडनची हिरवळ वाळून गवताच्या पेंढ्यासारखी झाली. असल्या उन्हाळ्यात टिकणारे हे झाड आहे. शिवाय शब्बाथला बागेला पाणी घालता येत नाही, ही अडचणही त्याच्या बाबतीत येत नाही.

तरीही वेम्बलीत पुष्कळांचे लॅव्हेंडर दोन हिवाळ्यांत जाते, आणि मग "इथली थंडी सोसली नाही" म्हणतात. थंडी ते सोसते, बरं का. त्याला मारते ती आपल्या पायाखालची चिकणमाती. लंडनला वर्षाला साधारण ६०० मिलिमीटरच पाऊस पडतो. अलिबागला त्याच्या तिपटीहून जास्त. पण तिकडे चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. इथला हिवाळाभर रिपरिपतो, ऊन नसते, चिकणमातीत पाणी साचून राहते आणि मुळे कुजतात. दक्षिण लंडनमध्ये मिचमला अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत लॅव्हेंडरची मोठी शेती होती, ती तिथल्या खडीमिश्रित, निचऱ्याच्या जमिनीमुळे. आपल्याला तसली जमीन करून घ्यावी लागते.

नुसता खड्डा खणून त्यात रोप बसवू नये. चिकणमातीतला खड्डा म्हणजे पाणी भरलेली बादलीच. त्याऐवजी वीतभर उंच वरंबा करावा, मातीत जाड खडी सढळ हाताने मिसळावी आणि वर रोप लावावे. शेणखत, कंपोस्ट कशाला? सकस जमिनीत पाला माजतो आणि झाड लोळते. जागा दिवसभर उन्हाची हवी. लावणी एप्रिल-मेमध्ये करावी, म्हणजे हिवाळ्यापूर्वी मुळे धरतात. पहिल्या उन्हाळ्यात मात्र माती कोरडी झाली की पाणी द्यावे. काटकपणा दुसऱ्या वर्षापासून. जात घ्यावी ती 'हिडकोट' किंवा 'मन्स्टेड'. डोक्यावर सशाचे कान असलेले फ्रेंच लॅव्हेंडर दुकानात गोजिरवाणे दिसते, पण थंडीला ते कच्चे.

वेम्बलीतल्या पुष्कळ घरांपुढची बाग मोटारीसाठी फरशीखाली गेली. १ ऑक्टोबर २००८ पासून पाच चौरस मीटरहून जास्त जागेवर पाणी न मुरणारी फरशी घालायची, आणि पाणी बागेच्या मातीकडे वळवायचे नसेल, तर कौन्सिलची परवानगी लागते. फरशी घालायचीच असेल तर भिंतीलगत हातभर पट्टी सोडा. फरशीची ऊब लॅव्हेंडरला मानवते. एक-एक फुटावर रोपे लावली की छान कुंपण होते.

आता तोडणी. जुलैत तुऱ्यातली खालची फुले उमलू लागली की, दव उडाल्यावर, लांब देठांनिशी कापावे. जुडी बांधून अंधाऱ्या, हवेशीर जागी उलटी टांगावी. वास पाकळीत कमी, तिच्या बुडाशी असलेल्या इवल्या पुष्पकोशात जास्त. म्हणून वाळल्यावरही महिनोन् महिने टिकतो. मलमलीच्या पुरचुंडीत भरून ठेवा, हावदालाला बोटांनी चुरडा. (आपण शनिवार तेल्यांचे वंशज खरे, पण हे तेल घाण्यात निघत नाही. त्याला वाफेची भट्टी लागते.)

छाटणीत लोक कचरतात. फुले सरल्यावर, ऑगस्टअखेरपर्यंत, तुऱ्यांबरोबर यंदाची हिरवी वाढही इंचभर छाटलीच पाहिजे. नाहीतर झाड मधून उघडे, लाकडी होते. पण जुन्या करड्या लाकडात कात्री घालू नका. तिथून सहसा फूट येत नाही. म्हातारे झाड छाटून तरुण होत नाही, ते बदलावेच लागते.

त्याची सोय आधीच करावी. उन्हाळ्यात फूल नसलेली बोटभर फांदी घ्यावी, खालची पाने काढून अर्धी खडी-अर्धी माती भरलेल्या कुंडीत कडेकडेने खोचावी. सहा-एक आठवड्यांत मुळे फुटतात. कुंडी हिवाळाभर पावसाच्या आडोशाला ठेवा आणि वसंतात रोपे वेगळी करा. एका कुंडीत सहा-सात सहज होतात. दोन ठेवून उरलेली शेजारी द्यावीत.